चालू बसमधून ड्रायव्हर निघत नाही

हे कुणाला खरं वाटायचं नाही, पण गव्हाणच्या कमळाकरची नोकरी एका प्रिंटरनं जवळजवळ खाल्लीच होती.

सत्त्याण्णव साल. पनवेलजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर नवा आला होता आणि कमळाकर तिथल्या कामगारांची बस चालवायचा. एका सकाळी तो ऑफिसच्या दारात उभा होता. आत कॉम्प्युटरवाले इंद्रजीत साहेब टेबलाखाली डोकं घालून मॅनेजरला सांगत होते, "जुना ड्रायव्हर आज काढूनच टाकतो. फार अडतो. नवा रजिस्टर केला, की बस आपणहून त्याला ओळखेल."

कमळाकरनं हातातली किल्ली खिशात लपवली. ती बस त्याच्या शिव्या ऐकल्याशिवाय दुसऱ्या गिअरला जात नसे, आणि ती परक्याला ओळखणार?

मॅनेजर गेल्यावर तो आत सरकला. "साहेब, ड्रायवर निगू नये यासाटी काय इलाज?"

गडी चौकस आहे, असं वाटून साहेब टेबलाखालूनच म्हणाले, "बसवरचा एक जरी त्याला धरून बसला असेल ना, तर ड्रायव्हर कुणाच्या बापाला काढता येत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बायकोला, शकूला, पहिल्या सीटवर बसवलं.

"उतरायचं नाय. तू हाय तवर मी हाय."

"आनि जेवन?"

"हितंच."

मग बसमध्ये स्टोव्ह आला. सुकट भाजली गेली. कामगारांनी आधी नाकाला रुमाल लावले, नंतर घरून ताटल्या आणल्या. तांदळाची भाकरी तव्यावर फुगत असताना कारखान्याच्या दारात उतरणार कोण? भोंगा वाजून गेला, आत माणूस नाही. मॅनेजर स्वतः बसपाशी आले, मागोमाग इंद्रजीत साहेब.

"बाई, खाली उतरा."

"उतरले तर आमच्या मानसाला काडाल."

"कोण काढतंय त्याला?"

कमळाकरनं इंद्रजीत साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, तो प्रिंटरचा ड्रायव्हर."

"प्रिंटरला ड्रायवर कशाला? तो तर जागचा हलत नाय."

"कॉम्प्युटरच्या आत एक बस असते, कमळाकर. तिच्यावरच्या प्रत्येक यंत्राला ड्रायव्हर लागतो."

"येकाच बसला इतके ड्रायवर?" शकूनं भाकरी उलटत विचारलं. "मंग चालवतं कोन?"

साहेबांनी भाकरी घेतली.

मॅनेजरनं कमळाकरला शब्द दिला, की तुला कुणी काढणार नाही. तरी शकूला उतरता येईना. कारण बस आता तिलाही ओळखू लागली होती. तिचा पाय पायरीला लागला, की इंजिन आपोआप बंद. ती सीटवर टेकली, की चालू. पनवेल ते नेरे, सगळीकडून माणसं ते बघायला—

"काय पन सांगता," अंगणात वाल सोलता सोलता ऐकत बसलेली शकू म्हणाली. "मी बसलेली तवाच गाडी बंद व्हती. मी उतरले, दोनी सायबांना मागं लावलं, धक्का मारला, तवा सुरू झाली. शब्द दिला तरी ड्रायवर तेवडा जागचा उटला नाय."