पटावर अडकलेलं प्यादं

"अहो, लांब जाऊ नका हं," बागेच्या फाटकातून आत शिरताच लिफ्टमनच्या बायकोने नवऱ्याला दटावलं. "पाच वाजता होडीच्या धक्क्यावर भेटायचं ठरलंय. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका आहे. उशिरा येणाऱ्या माणसांशी ती बोलतसुद्धा नाही म्हणे!"

"अगं, अजून तासभर आहे. जरा बघून येतो."

"बाबा, प्लीज," लेक कळवळून म्हणाली. बेकरीत पाव भाजणारा एक गुणी पोरगा तिने स्वतःच पसंत केला होता. पोरगा लाख चांगला, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. त्यामुळे लग्नाचं गाडं आजच्या या एका भेटीवर अडलं होतं. "आलोच गं," असं म्हणून लिफ्टमन निघाला.

त्याला तरी काय बोल लावायचा? बिचाऱ्याचं उभं आयुष्य उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये गेलेलं. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडे भिंत. वर जा म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली, आणि का म्हणून विचारायचं नाही. अशा माणसापुढे एवढी थोरली बाग उघडी टाकली तर त्याचं भान हरपणारच! याच शहरात राहून तो आत कधी आला नव्हता. सुट्टीच्या दिवशी झोप काढायची की बाग बघायची?

नजर पोचत नव्हती इतकं गवत पसरलं होतं, आणि त्यावर लोक खुशाल लोळत होते. कुणी ओरडत नव्हतं! पुढे काचेचं एक घर, आत पानं अशी की एकेका पानाखाली आख्खं कुटुंब जेवायला बसेल. चाकाचे बूट घालून पोरंपोरी वाऱ्यासारखी घसरत होती. व्यायामाच्या यंत्रांवर एक आजीबाई स्वतःला वर-खाली करत होत्या, तेही कुणी लिफ्टमन नसताना. तळ्यात होड्या, मधोमध कारंजं, आणि वर आभाळ. आभाळ एवढं मोठं असतं हे तो पार विसरूनच गेला होता. "आयला," तो हळूच म्हणाला, "हे सगळं फुकट?"

तळ्याच्या पलीकडे त्याला गर्दी दिसली. जमिनीवर काळ्यापांढऱ्या फरशांचा बुद्धिबळाचा पट, खोलीएवढा. कमरेइतकी लाकडी मोहरी, आणि दोन टोकांना खुर्च्या टाकून बसलेले दोन आजोबा. एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या हातात काठी. लिफ्टमन आ वासून बघत होता, एवढ्यात टोपीवाल्यांनी त्याला हेरलं.

"अहो पांढरा शर्ट! आमचं एक प्यादं रंगवायला गेलंय. जरा त्या घरात उभे राहता का? पाचच मिनिटं!"

लिफ्टमनला नाही म्हणता येत नसे. तो गेला आणि उभा राहिला. चौकोन बघून त्याला बरंच वाटलं. "एक घर पुढे," आजोबा म्हणाले आणि पाय आपोआप चालले. मग मात्र दोन्ही आजोबा विचारात जे बुडाले ते वर येईचनात.

त्या शांततेने लिफ्टमन भारावला. आजवर त्याच्याकडे कुणी मजल्याचा आकडा सांगण्यापलीकडे पाहिलं नव्हतं, आणि इथे दोन विद्वान हनुवटी धरून फक्त त्याचाच विचार करत होते! बघे कुजबुजत होते, "सगळा डाव त्या प्याद्यावर आहे बरं का." त्याची छाती फुगली. मग तळ्याकाठच्या घड्याळाकडे नजर गेली आणि त्याच छातीत धस्स झालं. पाच वाजायला आले होते.

"आजोबा, मला जायचंय हो. आमच्या मुलीचं..."

"पट सोडून पळणारं प्यादं पाहिलंय कधी?" टोपीवाले कडाडले. "मेल्याशिवाय सुटका नाही."

"मग मारा ना मला!"

"अशी फुकटाफाकट प्यादी मारवून घेत नाही मी."

"माझीही तीच रड आहे," समोरून आवाज आला. तिरप्या घरात काळी शाल पांघरलेल्या एक बाई ताठ उभ्या होत्या. काठीवाल्यांचं काळं प्यादं. "वेळेआधी यायची खोड भोवली, दुसरं काय! शब्द देऊन बसले, आता मोडवत नाही. प्यादं तिरकं मारतं ना? म्हणजे तुम्ही मला मारू शकता, नाहीतर मी तुम्हाला. मेलेला सुटला."

"तुम्हालाही घाई आहे का बाई?"

"आहे तर! धक्क्यावर मुलीकडच्यांना भेटायचंय. मुलगा बेकरीत आहे माझा. मुलीचा बाप कुठे लिफ्ट चालवतो म्हणे. आता वेळ पाळतो का ते बघायचं. घड्याळ न कळणाऱ्या घराशी मी सोयरीक करायची नाही, हे ठरलेलं."

लिफ्टमनच्या पायाखालची फरशी सरकली. एवढं त्याला लख्ख कळलं: आपण आधी मेलो तर धावत जाऊन धक्क्यावर हजर होता येईल. पण या आधी मेल्या, तर त्या आधी पोचणार, बाप गायब दिसणार, आणि लेकीच्या लग्नावर पाणी! त्याने काठीवाल्यांना डोळ्यांनीच विनवलं, मारा मला, देवासारखे मारा. पण काठीवाल्यांनी कुठला तरी हत्ती हलवला.

टोपीवाले खुर्चीतून उठले. चेहऱ्यावर तेज होतं. सगळे बघे श्वास रोखून पाहू लागले.

"प्यादं," ते गंभीरपणे म्हणाले, "काळ्या प्याद्याला मार."

लिफ्टमनने पाय उचलला. सवयच ती! आणि तो पाय त्याने परत खाली ठेवला.

"नाही."

उभ्या जन्मात त्याने हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता. त्याचा त्यालाच धक्का बसला.

"नाही म्हणजे?"

"यांना मी मारणार नाही."

"अहो, मारा ना एकदाचं!" बाई ओरडल्या. "मला उशीर होतोय!"

"कसं मारू, विहीणबाई?" लिफ्टमन रडकुंडीला आला. "तो लिफ्टवाला बाप मीच! बाग बघत बघत आलो आणि अडकलो. मला घड्याळ कळतं हो, नाही म्हणता येत नाही एवढंच. माझ्यापायी पोरीला बोल लावू नका!"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच कधीच वाजून गेले होते, दोघांसाठीही. त्यांनी शाल सावरली, घसा खाकरला, आणि वर्गात फळ्याकडे बोट करावं तसं स्वतःच्या घराकडे बोट केलं.

"या इकडे. मारा मला. आणि घाबरू नका."

लिफ्टमन चोरपावलांनी त्यांच्या घरात शिरला. बाई बाजूला झाल्या. टाळ्या कडाडल्या. बाई सुटल्या होत्या, रस्ता मोकळा होता, धक्का समोर दिसत होता. त्या दोन पावलं गेल्या, मग वळून परत कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि डावाकडे एकटक बघू लागल्या.

एवढ्यात लिफ्टमनची बायको, लेक आणि बेकरीवाला पोरगा धापा टाकत येऊन पोचले.

"बाबा! आम्ही कधीचे शोधतोय! चला आधी!"

"आई, तू इथे?" पोरगा चक्रावला. "चल, उशीर झालाय."

"श्शू! होऊ दे उशीर," मुख्याध्यापिका पटावरची नजर न हलवता म्हणाल्या. "व्याह्यांचा वजीर व्हायला दोनच घरं राहिलीयत."