कायच्यानं आले?

आमच्या शेजारच्या वानखडे सरांच्या फाटकाशी तुम्ही गेलात, तर ते "या" म्हणत नाहीत, "बसा" म्हणत नाहीत, "कोण पाहिजे?" असंही विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न करतात, "कायच्यानं आले?"

म्हणजे कोणत्या वाहनानं आलात. सायकलनं म्हणालात तर फाटक लगेच उघडतं. एस.टी.नं आलात तर अंगणातल्या बाजेवर, रणरणत्या उन्हात, एक कप चहा संपेपर्यंत बसायचं. रेल्वेनं आलात तर दोन कप. विमानवाल्याची दिवेलागणीपर्यंत सुटका नाही. चहा सर स्वतः करून आणतात, पण स्टुलावर ठेवून पार कोपऱ्यातल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन बसतात आणि तिथून ओरडून ओरडून गप्पा मारतात. या प्रकाराला ते 'वाळवण' म्हणतात. अमरावतीच्या उन्हात माणूस नीट वाळला की त्याच्यासोबत आलेला रोग मरतो, असा त्यांचा सिद्धांत.

"रोगाले पाय नसतात, वैनी," ते मला समजावतात. "रोग तिकीट काढून येते."

सरांनी जन्मभर चांदूर बाजारला शाळेत इतिहास शिकवला. इतिहासात राजे, लढाया, तह वगैरे असतात ही त्यांच्या मते अफवा. कोण कशात बसून आलं आणि सोबत काय घेऊन आलं, एवढाच खरा इतिहास. प्लेग मुंबईला जहाजातून उतरला आणि तिथून आगगाडीत बसला. "आपल्या अकोल्याच्या कापसाच्या गाठी ममईले गेल्या अन् वापसीच्या डब्यात उंदीर आले!" हे ते इतक्या रागानं सांगतात, जणू ते उंदीर त्यांनी स्वतः अकोला स्टेशनावर उतरताना पाहिले. मग पहिल्या महायुद्धातले शिपाई जहाजानं परतले, सोबत इन्फ्लुएन्झा आला, तोही पुढं रेल्वेनंच गावोगाव हिंडला. शिडाच्या जहाजांविषयी मात्र सरांना आदर आहे. त्यांचा प्रवास एवढा लांबायचा की साथ बिचारी समुद्रातच आटोपायची. "वाफ आली अन् सारा घोटाळा झाला," असं म्हणून ते उसासा सोडतात.

त्यांचा एक विद्यार्थी सांगतो, परीक्षेत 'रेल्वेचे फायदे लिहा' असा प्रश्न असला की वर्गातली हुशार मुलं पहिला फायदा 'प्लेग' लिहायची आणि सर पैकीच्या पैकी गुण द्यायचे.

जमिनीवरच्या वाहनांत त्यांच्या दरबारी मान फक्त दोघींना. एक बैलबंडी आणि दुसरी शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमच्याकडची छोट्या रुळांची गाडी. ती बंद पडल्याचं सरांइतकं दुःख कुणालाच झालं नसेल. "शकुंतलेत रोग बसला तरी कटाळून मधातच उतरून जाये," ते म्हणतात.

या सगळ्याचं हसू येतं, पण आपला पाहुणा बाजेवर बसेपर्यंतच. मागच्या मे महिन्यात अकोल्याहून माझे नंदोई आले. नवी कोरी मोटार घेतली होती, ती मिरवायलाच आले म्हणा ना. आमच्या दारात जागा नव्हती म्हणून त्यांनी ती सरांच्या फाटकासमोर लावली आणि सापडले. घरची मोटार सरांच्या नियमात बसत नव्हती. सर विचारात पडले.

"एसी हाय?"

"मंग! बर्फावानी थंड."

"काचा बंद होत्या?"

"उनात उघड्या ठेवते का कोनी?"

"मंग दोन कप," सर म्हणाले आणि त्यांनी बाज दाखवली.

वर्ग सांभाळलेल्या माणसाचा आवाज तो. नंदोई मुकाट्यानं बसले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचं ओरडणं ऐकू आलं, "काहो सर, मी काय पापड हाय का?"

"पापडाले येवढा टाइम नाई लागत," पेरूखालून उत्तर आलं.

तेव्हापासून नंदोई मोटार दोन गल्ल्या सोडून लावतात आणि सरांना सांगतात, अकोल्याहून पायी आलो.

अशात अमरावतीला विमान सुरू झालं. गावात पेढे वाटले गेले आणि सर सुतकी चेहरा करून बसले. "आजवर रोगाले नागपूरले उतरून बस तरी धरा लागे. आता थेट आपल्या बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरते!"

आणि त्याच आठवड्यात मला मंजूचा फोन आला. मंजू ही सरांची एकुलती एक लेक, बंगळुरूला नोकरी करते. कोरोनात सगळं बंद असताना तिची आई हृदयविकारानं गेली. रेल्वे नाही, विमान नाही, बस नाही. मंजूनं आईला शेवटचं पाहिलं ते मोबाइलवर, आणि तो मोबाइल मी धरला होता. त्यानंतर ती घरी आलीच नाही. आईशिवायच्या घरात पाय टाकवत नाही, म्हणायची. सरांचा सिद्धांत जुना, पण बाज अंगणात आली ती त्यानंतर. बाजेवर बसलेला माणूस चहा संपेपर्यंत तरी उठून जात नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

"मुंबईवरून विमानानं येतो, वैनी," मंजू म्हणाली. "बाबाले तुमीच सांगा. मले उनात बसवलं ना, तं आल्या पावली वापस जाईन. मंग मी काई येत नाई."

मी धीर करून सरांना सगळं सांगितलं. ते उठले आणि बाजेची दोरी कसायला लागले.

ठरल्या दिवशी भर दुपारी ऑटो थांबला. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. मंजू फाटकाशी येऊन उभी राहिली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, तोंड उघडलं, पण प्रश्न काही बाहेर पडेना. शेवटी तीच म्हणाली, "विमानानं आली, बाबा."

सरांनी बाजेकडे बोट दाखवलं.

मी कपाळाला हात लावला. मंजूनं बॅग पुन्हा उचलली. तेवढ्यात सर स्वतःच जाऊन बाजेवर बसले आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली. तेव्हा कुठं मला दिसलं, बाज उन्हात नव्हतीच. त्यांनी ती ओढून पेरूच्या सावलीत नेली होती. मंजू बॅग टाकून गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

माझी जीभ काही गप्प बसत नाही. "सर, अन् रोग?" मी विचारलं.

"येऊ द्या," सर म्हणाले. "त्या साली रोगाले तिकीट भेटलं, वैनी. माह्या पोरीले नाई भेटलं."

मी चहा करून नेला, तो गार झाला. पुन्हा केला, तोही गार झाला. बापलेक दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून होते. विमानवाल्यांचा नियम तेवढा सरांनी पाळला.