पाच गिगाहर्ट्झची खरेदी

बायकोसाठी कॉम्प्युटर मीच आणायचा, असं मी ठरवलं. (मी काही ठरवलं की बायको आधी खुर्चीत बसून घेते.) ती घरांचे नकाशे काढते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात काढली. आता पहिलंवहिलं स्वतःचं काम मिळालं होतं. शुक्रवारी पाचच्या आत नकाशे गेले नाहीत, तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एकाचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झ, एकाचा पाच.

"साहेब, साडेतीनचा घ्या. नवा आहे. एका ठोक्यात जास्त काम उरकतो, वीज कमी खातो, तापत नाही. पाचवाला जुना. नुसता धावतो."

"आकडा कुठला मोठा?"

"मोठा पाचच, पण..."

"झालं तर मग!" मला गंडवतोय होय! मी पाचवाला उचलून आणला.

सुरू केल्याबरोबर त्याने असा काही आवाज काढला की बायको दचकून उठलीच.

"अहो, हे काय?"

"ताकद!" मी ओरडलो. (ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.)

शुक्रवारी दुपारी तिने त्याला अख्ख्या घराचं चित्र तयार करायला लावलं. खोली तापायला लागली. मी डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तर तिचे कागद खोलीभर उडाले. ते गोळा करतोय तोवर कॉम्प्युटर आपोआप बंद. चालू केला, पाच मिनिटांत पुन्हा बंद. घड्याळात चार.

"गेलं माझं काम," बायको म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावली असती तर मला सवय आहे हो, पण हे बघवेना. डबा उचलला आणि अनवाणीच धावत सुटलो.

"तापला का?" दुकानदाराने विचारलं.

"थोडासा," मी म्हटलं. (डबा टॉवेलात गुंडाळून धरला होता.)

बायकोचं काम साठवलेली डिस्क काढून त्याने साडेतीनवाल्यात बसवून दिली.

घरी येऊन बटण दाबलं. आवाजच नाही! "अगं, हा मेला!" म्हणत मी डब्यावर दोन थापा मारल्या.

"अहो, हात काढा. अर्धं झालंसुद्धा!"

मग मी दर मिनिटाला "होईल ना गं?" विचारत राहिलो, तिची खुर्ची सरकवली, तीच वायर तीनदा खोचली. पाचला आठ मिनिटं कमी असताना नकाशे गेले. संध्याकाळी फोन आला, पसंत आहेत म्हणून. बायको इतकी हसली की मलाही गहिवरून आलं.

आता तो डबा दिवसभर निमूट काम करतो. खोली एकदम शांत असते. अडचण एकच झालीय. या घरात सगळ्यात जास्त आवाज करून सगळ्यात कमी काम कोण करतं, ते बायकोला आता स्पष्ट ऐकू येतं.