गच्चीची दुसरी बाजू

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर टेकले, मग ओट्यावरून सावकाश सरकत पाण्याच्या पेल्यात उतरले आणि तिथून एक थरथरता कवडसा होऊन छतावर जाऊन बसले. तत्त्वज्ञानाचा तरुण प्राध्यापक त्या कवडशात पार हरवला होता.

"अहो, चहाचं सरबत झालं," बायको म्हणाली. "प्रचाराला निघताय ना?"

ती इमारतीच्या अध्यक्षपदासाठी उभी होती. समोर तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर. ते निवडून आले तर गच्चीला कुलूप लागणार होते. आणि दिवसभरात तिच्या वाट्याला येणारा निवांतपणा काय तो त्या गच्चीवरच होता.

प्राध्यापक निघाला. वर्गात त्याचा एक दंडक होता: विरोधकाची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली, तरच ती खोडून काढायची. दारोदारी तो लाजत, चपलांकडे बघत, डॉक्टरांची बाजू मांडू लागला. गळती, चोऱ्या, कठड्यावर चढणारी मुले. खोडायची वेळ येईपर्यंत दार लागलेले असे.

"म्हणजे तुम्ही डॉक्टरांकडून आलात?" शिंपीदादांनी विचारले.

"नाही, बायकोकडून. पण लोकशाहीत नागरिकानं दोन्ही बाजू..."

"बरं बरं. इस्त्री तापलीय माझी."

संध्याकाळी मतदान झाले. घरटी एक मत. घर त्याच्या नावावर, म्हणून चिठ्ठी त्याच्या हाती. पेन्सिल टेकवून तो बराच वेळ तंद्रीत उभा राहिला.

बायको एका मताने पडली.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "पण लोकांनी विचार तरी केला."

ती ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर पसरत राहिली. ते न बघवून तो पुन्हा दारोदार गेला, माफी मागायला.

"तुमचं बोलणं डोक्यावरून गेलं हो," शिंपीदादा म्हणाले. "मत वहिनींनाच."

"मी नुसती मान हलवत होते," वरच्या मावशी म्हणाल्या. "तिलाच दिलं, बाळा."

तो गेला त्या प्रत्येक दारी हेच. तो न गेलेल्या दारांची मते मुळातच डॉक्टरांची होती.

"काय म्हणाले?" बायकोने विचारले.

"तत्त्वज्ञानाचा कुणावर काडीइतका परिणाम झालेला नाही."

"मग माझं धरलेलं एक मत फुटलं कुठं?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचा युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकून, मनापासून पटवून घेणारा नागरिक अख्ख्या इमारतीत एकच होता.

त्याने डॉक्टरांना मत दिले होते.