बाळाच्या पिशवीची चौथी बाजू

गादीवाल्या आजोबांच्या हातची शिवण उसवत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला आजोबा स्वतः सांगायचे. जन्मभर गाद्या-उश्या शिवल्या, पण टीप सुटली म्हणून एक गिऱ्हाईक परत आलं असेल तर शपथ!

त्या दिवशी मात्र परीक्षा वेगळीच होती. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि साहेबांना भेटायला ती ऑफिसात निघाली होती. म्हणजे ती येईपर्यंत घरात बाळ आणि आजोबा, दोघंच. नीट जमलं तर सोमवारपासून बाळ आजोबांकडे, नाहीतर पाळणाघरात. आजी गेल्यानंतर त्या घरात कोणी खळखळून हसलं असेल तर ते हे बाळच, आणि तेच दिवसभर परक्या घरी ठेवायचं म्हणजे काय?

लेकीची हरकत एकच होती. बाबांना वेळेला वस्तू सापडत नाही. डायपर टीव्हीमागे, मोजे कुंडीत, आणि चोखणी कुठे असेल ते चोखणीलाच माहीत. बाळ रडायला लागल्यावर तुम्ही शोधणार कधी नि देणार कधी, असं तिने विचारलं. प्रश्न बिनतोड होता.

"तू येईपर्यंत एक पिशवी शिवून ठेवतो," आजोबा म्हणाले. "सगळं एका जागी. पिशवीचं काय एवढं!"

लेक गेली, बाळ झोपलं, आणि आजोबा मशीनवर बसले. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड उरलेलं होतंच. तीन बाजूंना टीप मारून झाली. मग सगळं मावतंय का बघावं म्हणून त्यांनी डायपर, मोजे, पावडर, खुळखुळा, चोखणी असं एकेक आत घातलं. दोरे कापायची कात्री हातात होती, तीही गेली. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, तोही काढून आत ठेवला. खिशातला बटणांचा फोन टोचत होता, तो कशाला बाहेर? मस्त मावलं सगळं. पिशवी कशी टम्म फुगली.

आता जन्मभर ज्या हातांनी तीन बाजू शिवल्या, आत माल भरला आणि चौथी बाजू बंद केली, ते हात समोर भरलेलं कापड बघून थांबतील होय? आजोबा बाळाच्या श्वासाकडे कान लावून बसले होते आणि हात आपलं काम करत होते. दुहेरी टीप पडली. वर चारी कोपऱ्यांना गोंडेसुद्धा लागले. आजोबांनी ती हातावर आपटून पाहिली, समाधानाने मान हलवली, आणि मग पिशवीचं तोंड शोधायला लागले.

तोंड नव्हतंच.

नेमकं तेव्हाच बाळ जागं झालं, तेही ओलं होऊन. डायपर आत, चोखणी आत, आणि उसवायची कात्रीही आतच. आजोबांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली, पण बाळ खाली ठेवलं की टाहो फोडायचं, आणि कडेवर बाळ असताना हातात सुरी कशी धरायची? सुरी ठेवून दिली. दातांनी टीप तोडायला गेले, तर कवळीच हातात आली. शेवटी स्वतःचा धुतलेला बनियन बाळाला गुंडाळून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिवणीला मनापासून शिव्या घातल्या.

इतक्यात पिशवी वाजायला लागली. लेकीचा फोन! आजोबांनी कापडावरून चाचपत हिरवं बटण दाबलं आणि पिशवीला तोंड लावून म्हणाले, "बोल गं."

"बाबा, विहिरीतून बोलताय का? आणि बाळ का रडतंय?"

आईचा आवाज आला आणि बाळ एकदम गप्प झालं. त्याने पिशवीकडे पाहिलं, दोन्ही हातांनी एक गोंडा पकडला आणि पिशवीवर गाल टेकला. "बाबा? हॅलो? अहो, बोला ना!" लेक बोलत राहिली आणि बाळाचे डोळे जड होत गेले. आता एक शब्द बोललो तर हे उठेल, या धास्तीने आजोबांनी श्वाससुद्धा हळू घेतला. तिकडे लेकीला वाटलं, दोघांचाही आवाज एकाएकी बंद झाला, काहीतरी भलतंच घडलं. साहेबांना तसंच सोडून ती घराकडे सुटली, आणि वाटभर फोनवर हाका मारत राहिली. त्या हाकांवर बाळ गाढ झोपून गेलं.

दार उघडलं तेव्हा "बाबा" ही हाक दारातूनही आली आणि पिशवीतूनही. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. लेक बाळाजवळ बसली, तिने बाळाच्या अंगावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मग बनियन दिसला.

"बाबा, डायपर कुठेत?"

आजोबांनी बाळाच्या डोक्याखाली बोट दाखवलं.

लेकीने हळूच चाचपून पाहिलं. एका कडेला दुहेरी टीप, दुसऱ्या कडेला दुहेरी टीप, सगळीकडे दुहेरी टीप. "माझं शाळेचं दप्तरही असंच शिवलं होतंत, आत डब्यासकट," ती म्हणाली आणि हसू आवरायला पदर तोंडात धरला. मग आजोबांच्या बनियनमध्ये सुखाने झोपलेल्या बाळाकडे बघून म्हणाली, "पाळणाघराला नाही म्हणून कळवते. सोमवारपासून हा तुमच्याकडेच."

आनंदाच्या भरात आजोबा म्हणाले, "मग आता एक मोठी पिशवी शिवतो, कप्प्याकप्प्यांची!"

लेक उठली, मशीनची सुई काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.