नानांचा मान आणि काकूंची झोप

नानांच्या पाया पडायची सोय नव्हती. तुम्ही वाकलात की नाना तुमच्याहून चपळ. खाली बसून तुमचाच पाय धरायचे, तळवा उजेडाकडं वळवून बघायचे आणि म्हणायचे, "आरारारा, केवढी ही उष्णता! बस, बस खाली." मग कोपरीच्या एका खिशातून काशाची वाटी निघायची, दुसऱ्या खिशातून तुपाची डबी, आणि घराचा ओटा असो, देवळाची पायरी असो नाहीतर एसटीचा थांबा, तिथल्या तिथं तुमचे तळपाय घासायला सुरुवात व्हायची. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, गावात वजन. आपण अवघडून म्हणायचं, "नाना, नका हो, पाप लागेल मला." नाना मान वर न करता म्हणायचे, "पापाचं मी बघतो. तू पाय ढिला सोड."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर फेकतोय.

मी देवळाली प्रवरा गावच्या शाळेत बदलून आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. नानांच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी, आमची मंदा आणि आमचं तान्हं पोर. नाना साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसती चाकं बघून वजन सांगायचे, असं लोक म्हणत. रिटायर झाले, काटा सुटला, पण काट्याची भाषा काही सुटली नाही. सकाळी मी तोंडात ब्रश धरून अंगणात आलो की राम राम नाही, काही नाही, थेट माझ्या डोळ्यांकडं बघून निकाल: "गुरुजी, आज हलकी भरली." म्हणजे माझी झोप. पोरगं रात्रभर रडलेलं असायचं, त्यामुळं बहुतेक हलकीच भरायची. एखाद्या दिवशी "आज जड भरली" ऐकलं की मलाही उगीच बरं वाटायचं.

पण नानांच्या जिवाला खरा घोर होता तो काकूंच्या झोपेचा. काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, तोंडानं फटकळ, हाताला कधी विसावा नाही. शकू ही त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन कर्जतला गेली, आणि तेव्हापासून काकूंची झोप गेली ती गेलीच. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. दिवसा डोळे लालभडक. तांदूळ निवडता निवडता खडे ताटात ठेवायच्या आणि तांदूळ फेकून द्यायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना चूल कुठं आणि मोरी कुठं ते उमगेना. त्यांनी गोळ्या उकिरड्यावर भिरकावल्या आणि म्हणाल्या, "असली मेल्यावानी झोप मला नगं."

मग नानांनी कंबर कसली. जो भेटेल त्याला विचारायचं, झोपेला काय करता? बाजारात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत. आणि आपल्याकडं सल्ला मागितला की देणारे हजार. कुणी सांगितलं जायफळ, कुणी गुळातून पिंपळमूळ, कुणी जेवताना पांढरा कांदा, कुणी टाळूवर एरंडेल. पण बायकोच्या पोटात वाटेल ते घालायला नाना तयार नव्हते. "आधी गुरुजींवर बघू," हे त्यांनी परस्परच ठरवून टाकलं.

मी सांगून थकलो, "नाना, मला झोप येते हो. वर्गातसुद्धा येते."

"मंग तर लईच बरं. किती जादा येती ते कळंल."

जायफळ त्यांनी स्वतः सहाणेवर उगाळलं आणि दुधातून मला पाजलं. तेही सकाळी, कारण रात्रीपर्यंत त्यांना दम निघेना. तिसरीचा वर्ग पाढे म्हणत होता आणि मी टेबलावर डोकं टेकून गाढ! हेडमास्तरांनी खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा जागा झालो. संध्याकाळी तणतणत घरी आलो, तर नाना काकूंना आनंदानं सांगताहेत, "लागू पडलं! मास्तर भर शाळंत आडवा झाला!" त्या रात्री काकूंना तेच जायफळ दिलं. काकूंना मळमळलं, बाकी काही नाही.

नानांचा स्वतःचा म्हणून एक उपाय होता. "डोळं मिटायचं आन् उसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या. एक आली, भरली, गेली. दुसरी आली, भरली, गेली. मानूस खल्लास." ते स्वतः असेच झोपायचे, भिंतीपलीकडून घोरणं ऐकू यायचं म्हणून खात्रीनं सांगतो. मी करून बघितलं. माझ्या काट्यावर पहिल्याच गाडीचा बैल बसला, तो काही केल्या उठेना, मागं रांग लागली, आणि त्या काळजीनं माझी होती ती झोपही उडाली. काकूंची तऱ्हा आणखी निराळी. सकाळी त्या नानांवर डाफरल्या, "कोंबडा आरवला तरी तुमच्या गाड्या संपंनात! त्या गाड्यांवरच्या बाया थंडीत कुडकुडत बसल्यात, त्यास्नी च्या कोन देनार, ह्योच घोर लागला मला!"

दिवाळीला शकू माहेरी आली आणि काय सांगू, काकू पहिल्याच रात्री गाढ झोपल्या. दुसऱ्या रात्रीही. योगायोग असा की नानांनी त्याच दिवशी खसखशीची खीर सुरू केली होती. आता नानांना कोण आवरणार! आळीत घरोघर पातेलं घेऊन फिरले. "खसखस म्हंजी खसखस! काटा खोटं बोलत न्हाई." आम्हीही वाटीवर वाटी चापली, फुकटची खीर कोण सोडतो? चार दिवसांनी शकू सासरी गेली, आणि तिच्या एसटीत बसून काकूंची झोपही गेली. खीर चालूच होती. नाना पातेल्याकडं असे बघत बसले की मला त्यांची कीव आली.

तेव्हा आमची मंदा म्हणाली, "अहो नाना, शकूताई रोज रात्री काकूंचे तळपाय घासायच्या की. काशाच्या वाटीनं, तूप लावून. लग्नाआधीपासून घासायच्या, त्याच म्हणाल्या मला."

नाना थक्क. "माझ्या घरात? आन् मला कसं ठाव न्हाई?"

"तुमी घोरत व्हता," काकू आतून म्हणाल्या.

नानांनी टोपी घातली आणि तडक एसटीडी बूथ गाठलं. कर्जतला शकूच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. शकूला बोलावून आणेपर्यंत फोन धरून बसले आणि ती आल्यावर असे ओरडले की फोनची गरज नव्हती. "आगं, टाचंकडून बोटांकडं का बोटांकडून टाचंकडं? जोर किती द्यायचा?" बूथबाहेरच्या रांगेतला एक जण म्हणाला, गोल गोल फिरवा. दुसरा म्हणाला, गोल नाही, उभं. त्यांचं आपसात जुंपलं आणि नाना फोन ठेवून घरी आले ते वाटी घासूनपुसून लखलखीत करूनच थांबले.

आणि इथं सगळं अडलं. काकूंनी पाय जे लुगड्यात ओढून घेतले ते काही केल्या बाहेर काढीनात.

"शिवू नका! नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा? कुटं फेडू मी हे पाप?"

"आगं, औषिद हाय ते."

"औषिद असू द्या न्हाईतर अमृत असू द्या."

मंदा म्हणाली, मी घासते. काकूंनी तिला पाय दिले, पण झोपायचं नाव नाही. मंदाच्या हाताखाली त्या उठून बसायच्या. "पुरं गं पोरी, हात दुखलं असतील. लेकरू रडतंय बघ तुझं. थांब, च्या टाकते." परक्याच्या लेकीसमोर डोळा कसा लागणार? मंदानं हात टेकले.

मग एके सकाळी भाकरी थापताना काकूंना डुलकी लागली आणि हात तापल्या तव्यावर पडला. मंदा धावली, पाणी ओतलं, फडकं बांधलं. काकू दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटायला लागल्या. नाना मात्र ओट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आज हात भाजला. उद्या पदर पेटला म्हंजी?"

मी म्हणालो, "काकूच ऐकत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती माझ्या मानापायी अडलीया. नवरा म्हंजी मोठा, ह्ये तिच्या डोस्क्यात बसलंय. मंग मीच खाली उतरतो. साऱ्या गावाचे पाय घासतो. मानच ऱ्हायला न्हाई, तर तिला पाप कशाचं लागंल? आन् हात बी बसंल."

मी हसलो. मला वाटलं बोलण्यापुरतं बोलले. दुसऱ्या दिवशी पोस्टमनचे पाय घासले. मग न्हाव्याचे, पिठाच्या गिरणीवाल्याचे, ऊसतोडीला आलेल्या मजुरांचे. कुणाचा पाय, कुठल्या आळीतला, हे नानांनी बघितलं नाही, त्यावरूनही गावात चार तोंडं चालली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण मला गुदगुल्या फार. शाळेच्या फाटकापाशी नानांनी पाय धरला आणि मी पोरांदेखत असा खिंकाळलो की आठवडाभर वर्गात माझा वचक राहिला नाही. लोक तोंडावर "वा नाना" म्हणायचे आणि पाठ वळली की डोक्याशी बोट फिरवायचे. टोपीची इस्त्री गेली, तिला तुपाचे डाग पडले. नानांना त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन काकूंना मोठ्यानं सांगायचे, "आज पार त्या गवंड्याचे बी पाय धरले बरं का!" काकू तोंड फिरवून चुलीकडं बघायच्या.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी एसटीच्या थांब्यावरून घरी येत होतो. नाना एका म्हाताऱ्या ऊसतोड मजुराचा पाय मांडीवर घेऊन बसलेले. भेगाळलेली टाच, त्यात तूप जिरत होतं. बाकड्यावर चार टगे बसले होते. एक जण म्हणाला, "नाना, काकूंनी घराबाहेर काढलं का काय? आता पायावरच पोट?" सगळे खो खो हसले. आणि काकू मागंच उभ्या होत्या. गिरणीतून आल्या होत्या, डोक्यावर पिठाचा डबा, हाताला फडकं. मला वाटलं, आता नानांची काही धडगत नाही.

काकूंनी डबा खाली ठेवला आणि त्या हसणाऱ्याला म्हणाल्या, "हासू नको. माझ्यापायी करत्यात ते." आवाज इतका साधा होता की बाकडं गप्प झालं. मग नानांकडं वळल्या. "उठा. घरी चला."

नाना मुकाट्यानं उठायला लागले. तो म्हातारा ओशाळून पाय मागं घेऊ लागला. काकूंनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हा बाबा. आवो, ह्या बाबाचा दुसरा पाय ऱ्हायलाय. तेवढा करा, मंग या."

घरी ओट्यावर, भर दुपारी, आळीच्या डोळ्यांदेखत काकू म्हणाल्या, "आधी मी तुमच्या पाया पडनार. पाप व्हायच्या आधीच फेडून टाकते." खाली वाकून त्यांनी नानांच्या पायांवर डोकं टेकलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग चटईवर आडव्या झाल्या, पदर तोंडावर ओढला आणि लुगड्यातून दोन्ही पाय बाहेर सरकवले. इतक्या वर्षांच्या संसारात नानांनी ते पाय धरले नव्हते. त्यांनी वाटी हातात घेतली आणि टाचेकडून सुरू करायचं का बोटांकडून, हेच त्यांना आठवेना. साऱ्या गावावर बसवलेला हात! मंदानं माझी बाही ओढून मला आत नेलं.

थोड्या वेळानं मी बाहेर डोकावलो. काकूंचा श्वास लांब, संथ चालला होता. काशाच्या घासण्यानं तळवे काळेभोर झाले होते. पाय नानांच्या मांडीवर, आणि नाना दगडासारखे बसलेले. वाटी हातात तशीच, गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायला हात उचलायचीही भीती. मला बघून त्यांनी नुसते ओठ हलवले, "झोपली." आणि डोळ्यांनी आळीच्या तोंडाकडं खुणावलं. तिकडून भंगारवाल्याची आरोळी येत होती.

मी अनवाणी पळालो. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच अडवला. गोट्या खेळणारी पोरं पिटाळली. मंदा पोर घेऊन शेजारी गेली. सायकलवाले उतरून हातात सायकल धरून जाऊ लागले. मी मास्तर माणूस, आळीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी, खोटं कशाला सांगू. माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली होती, पण कुणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात कांद्यानं भरलेला एक टेम्पो वळून आत आला. ड्रायव्हरनं मला बघितलं, दारादारात गप्प उभी असलेली माणसं बघितली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गेलं, गुरुजी?"

"कोणी नाही रे बाबा. काकू झोपल्यात."

त्यानं एकदा ओट्याकडं बघितलं. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि आम्ही दोघांनी तो टेम्पो ढकलत ढकलत नानांच्या दारावरून पुढं नेला.