आबांच्या घंटा

निवृत्तीच्या दिवशी आबा नवा बुशकोट घालून आले आणि दुपारपासून दाराकडे बघत बसले. सुटीची घंटा झाली की सगळे शिंपी निरोपाला येणार होते. कपडे शिवण्याच्या या कारखान्यात मोबाइल फाटकावरच काढून घेत आणि घड्याळ कुणी बघत नसे. चहा, जेवण, सुटी, सगळं आबांनी लिहिलेल्या जुन्या कॉम्प्युटर प्रोग्रामच्या घंटेवर चाले.

त्यांच्या जागी आलेली पोरगी चौकस होती. "आबा, चालत्या प्रोग्रामच्या पोटात काय आहे ते बघता येतं?"

"डीबगर लावायचा की! प्रोग्राम थांबवून आतलं दाखवतो तो."

आबांची कळी खुलली. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी टाइप करत त्यांनी प्रोग्राम आहे तिथे थांबवला आणि घंटांची यादी मागितली. उमटला नुसता एक आकडा.

"हा यादीच्या डब्याचा पत्ता. आतलं बघायचं तर तसं सांगावं लागतं." त्यांनी तसा हुकूम दिला. काही घंटा दिसल्या, मग नुसती टिंबं. "कंजूष आहे मेला," म्हणत आबांनी दाखवण्याची मर्यादा वाढवली.

पोरगी वाचू लागली. "काजवाल्या मावशींचा चहा? ही वेगळी का?"

"मावशींना दमा होता. जिना चढेपर्यंत चहा संपायचा, म्हणून त्यांची घंटा जरा आधी."

"आता कुठे असतात?"

"गेल्या गं. घंटा पुसायला हात धजावला नाही."

मग काय, प्रत्येक घंटेमागे एक माणूस निघाला आणि आबा रंगात आले. भानावर आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि निरोपासाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. आबांनी दाराकडे पाहिलं.

"एवढी वर्षं काढली इथे. एकजण फिरकला नाही."

पोरगी खाली धावली आणि तशीच परत आली. "आबा, सगळे शिवतायत अजून! घंटाच झाली नाही म्हणे."

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. थांबवलेला प्रोग्राम निमूट हुकमाची वाट बघत होता.

"अगं बाई!" म्हणत तिनेच 'पुढे चल' असा हुकूम दिला. तुंबलेल्या घंटा ओळीने वाजल्या: मावशींचा चहा, सगळ्यांचा चहा, सुटी. जिन्यावर पावलं धडधडली आणि बघता बघता खोली भरली.

मुख्य शिंप्याने हार घालता घालता आबांचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "आजवर घंटा कधी चुकली नाही, आबा. आज मुद्दाम थांबवलीत ना? पाय निघत नव्हता ना?"

पोरगी एकदम छताकडे बघू लागली.

"हो रे," आबा म्हणाले. "नव्हता निघत."